मालवणच्या समुद्रातील प्रवाळ आणि रंगीत जीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात स्नॉर्कलिंग करून आलेल्या किंवा जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. होडीचे दर, सुटण्याच्या वेळा आणि राहण्याची सोय हे दर हंगामात बदलत असल्यामुळे त्यांविषयी येथे काही लिहिलेले नाही.

१. स्नॉर्कलिंग म्हणजे नेमके काय? ते स्कूबा डायव्हिंगपेक्षा वेगळे कसे?

डोळे आणि नाक झाकणारा मास्क लावून, तोंडात धरलेल्या आखूड नळीने श्वास घेत, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगणे आणि खाली पाहत राहणे म्हणजे स्नॉर्कलिंग. स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी असते आणि आपण प्रत्यक्ष तळाशी जातो. येथे आपण वरच राहतो. मालवणचे प्रवाळ बहुतेक ठिकाणी उथळ पाण्यातील खडकांवर असल्यामुळे पुष्कळसे जीव वरूनही दिसतात.

नळी लांब असती तर अधिक खाली जाता आले असते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पाण्याचा दाब छातीवर असा बसतो, की जेमतेम एक मीटर खोलीवरदेखील पृष्ठभागावरची हवा फुप्फुसात ओढणे स्नायूंना जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा साचते आणि तीच पुन्हा आत येते.

२. मला पोहता येत नाही. तरी जाता येईल का?

लाइफ जॅकेट आणि सोबत धरून नेणारा अनुभवी माणूस असेल तर जाता येते, आणि मालवणला येणारे बरेच पर्यटक असेच जातात. खरी अडचण पोहण्याची नसून तोंडाने श्वास घेण्याची असते. नाक बंद झाले की माणूस घाबरतो, डोके वर काढतो आणि पाय खाली सोडतो. म्हणून होडीतून उतरण्यापूर्वी, शक्य असल्यास आदल्या दिवशी किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात, नळीने संथ श्वास घेण्याचा पंधरा मिनिटे सराव करावा. जॅकेटचे पट्टे कमरेशी घट्ट बांधावेत. ते सैल राहिले तर जॅकेट हनुवटीपर्यंत चढते आणि मान वाकवून खाली पाहणे अशक्य होते.

३. मालवणला खरेच प्रवाळ आहेत का? आम्ही तर ते अंदमान आणि लक्षद्वीपलाच असतात असे ऐकले आहे.

आहेत, मात्र चित्रांत पाहिलेल्या प्रवाळ भित्तीची अपेक्षा ठेवून येऊ नये. भारतातील मोठ्या प्रवाळ भित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. मालवणला किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या खडकांवर ठिकठिकाणी प्रवाळांच्या वसाहती आढळतात; भिंतीऐवजी ठिगळे म्हणावीत अशा.

याचे कारण कोकणचा पाऊस. प्रवाळाला स्वच्छ, खारे आणि उजेड पोहोचणारे पाणी लागते. येथे मात्र दर पावसाळ्यात नद्या आणि खाड्या गोडे पाणी व गाळ समुद्रात आणून ओततात. त्यामुळे गाळ सोसू शकणाऱ्या चिवट जातीच येथे टिकल्या आहेत. गोटोळ्यासारखे वाढणारे पोराइट्स, पानांच्या द्रोणासारखे पसरणारे टर्बिनेरिया आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे फॅव्हाइट्स ही त्यांतील ओळखायला सोपी नावे. पोराइट्सची गोटोळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते, त्यामुळे हातभर रुंदीची गोटोळी दिसली तर ती दोन-तीन दशके प्रत्येक पावसाळा सोसून तेथे बसलेली आहे, असे समजावे.

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरासह येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. किल्ला पाहायला येणाऱ्या बहुतेकांना आपली होडी अभयारण्यातून चालली आहे याची कल्पना नसते.

४. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिवशी जावे म्हणजे पाणी स्वच्छ मिळेल?

महिन्याचे उत्तर सोपे आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, ऑक्टोबरमध्ये गाळ बसू लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत भरवशाचा काळ असतो. एप्रिलनंतर वारा वाढून पाणी पुन्हा ढवळू लागते.

दिवसाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे आणि ते पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसते. ते पंचांगात असते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी मोठ्या प्रमाणावर चढते-उतरते, प्रवाह जोरात वाहतात आणि तळाची माती उचलली जाते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते आणि तेव्हा पाण्याची हालचाल सर्वांत कमी असते. त्यातही भरती पूर्ण होण्याच्या सुमारास बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेले असते, तर ओहोटीबरोबर खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. सकाळचीही तीच वेळ आणि संध्याकाळचीही साधारण तीच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, परंतु बेत आखायला एवढे पुरते. आता सकाळचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा समुद्र सपाट ठेवतो आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला की लाटा फुटू लागतात, हेही हिशेबात धरले, तर हिवाळ्यातील दशमी-एकादशीची सकाळ, ऊन थोडे वर आल्यावर, हे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर ठरते. पुण्या-मुंबईहून येणारे मात्र शनिवार-रविवार पाहून येतात, आणि समुद्राला शनिवार ठाऊक नसतो.

५. प्रत्यक्षात कोणकोणते जीव दिसतात?

सर्वांत आधी दिसतात ते पिवळसर पाठीचे आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे असलेले सार्जंट मासे. ते माणसाला भीत नाहीत. त्यानंतर चंद्रकोरीसारख्या पिवळ्या शेपटीचा, हिरव्या-निळ्या अंगाचा रास मासा, जो शेपटीऐवजी छातीचे पर वल्ह्यासारखे मारत पोहतो. डोळ्यावरून काळा पट्टा गेलेले फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात. त्या पट्ट्यामुळे शत्रूला डोके कोणत्या बाजूला आहे ते चटकन कळत नाही. खडकाच्या सावलीत तोंड बाहेर काढून बसलेला गोबरा, संथ आणि चौकोनी केंड, कधी एखादा पोपट मासा. पोपट मासा दिसण्याआधी ऐकू येतो: चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडण्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट येतो.

मासे सोडून बाकीचे जीव पाहायला वेळ द्यावा लागतो, आणि येथेच बहुतेकांचे चुकते. होडीवाला रबरी ट्यूबला धरून एका खडकावरून दुसऱ्या खडकावर ओढत नेतो, वीस मिनिटांत दहा खडक होतात आणि पाहणाऱ्याला काहीच आठवत नाही. त्याऐवजी जेवणाच्या टेबलाएवढा एकच खडक निवडावा आणि त्यावर दहा मिनिटे तरंगत राहावे. मी एकदा डिसेंबरमध्ये असाच थांबलो होतो. पहिली दोन मिनिटे तपकिरी शेवाळाखेरीज काही नव्हते. मग लक्षात आले, की एक सार्जंट मासा जागा सोडत नाही. त्याचा पिवळा रंग जाऊन अंग निळसर-काळे झाले होते. त्याच्या खाली खडकावर तळहाताएवढा जांभळट-लाल डाग होता, मखमलीचा तुकडा चिकटवावा तसा. ती अंडी होती. नर अंडी राखतो आणि त्या काळात रंग बदलतो. रास मासे दोन बाजूंनी येत होते. एकाला तो हाकलायला गेला, की दुसरा डागाच्या कडेचा लचका तोडून पळे. त्याच खडकाच्या भेगेतून शेवंडीच्या दोन लांब मिशा बाहेर डोलत होत्या, आणि त्या सुरुवातीपासून तेथेच होत्या. मला त्या गवताच्या काड्या वाटल्या होत्या.

याखेरीज काटेरी सी-अर्चिन, स्पंज, समुद्रपुष्पे, समुद्रकाकडी आणि सरगॅसम या तपकिरी शेवाळाची रानेच्या राने दिसतात. त्या शेवाळाला कचरा समजू नये. अनेक माशांची पिल्ले त्यातच वाढतात.

६. आम्ही गेलो तेव्हा सगळे हिरवट आणि करडे दिसले. छायाचित्रांतले रंग कुठे गेले?

काही रंग पाण्याने गिळले आणि काही छायाचित्रकाराने दिव्याने परत आणले होते. सूर्यप्रकाशातील लाल रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच बराचसा शोषला जातो. त्यामागून नारिंगी आणि पिवळा जातो. हा हिशेब फक्त खोलीचा नाही, प्रकाशाने पाण्यात कापलेल्या एकूण अंतराचा आहे. मासा दोन मीटर खोल आणि तुमच्यापासून चार मीटर दूर असेल, तर प्रकाश सहा मीटर पाणी ओलांडून आला. तोच मासा तुमच्या खाली सरळ दीड मीटरवर असेल तर त्याचे रंग वेगळेच दिसतील. म्हणून दूरवर पाहण्याऐवजी पोटाखाली पाहावे, आणि ऊन पाठीवर असेल अशा बेताने तरंगावे.

कोकणच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर असतात, त्यामुळे ते लक्षद्वीपच्या पाण्यासारखे निळे न दिसता हिरवट दिसते. त्याच सूक्ष्म वनस्पतींवर येथील मासळीचे सारे अन्नचक्र उभे आहे, तेव्हा तक्रार जपून करावी.

जाता जाता: मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाऊण अंतरावर दिसतात. परतल्यावर माशाची लांबी सांगताना एवढी वजावट करावी.

७. होडीवाले पाव किंवा बिस्किटे टाकतात आणि मासे भोवती जमतात. त्यात वाईट काय?

दिसायला ते मजेचे असते, आणि पर्यटक खूश व्हावेत या हेतूनेच ते केले जाते, त्यामुळे होडीवाल्याला दोष देण्यापूर्वी मागणी आपली आहे हे मान्य करावे. नुकसान असे, की पावावर फक्त धीट जाती येतात, मुख्यतः सार्जंट मासे. त्यांच्या गर्दीत लाजऱ्या जाती दूर जातात. शेवाळ खाणारे मासे पावाला सोकावले, की खडकावरचे शेवाळ वाढते आणि प्रवाळाची जागा व्यापते. सवयीचे मासे रिकाम्या हाताची बोटेही चावू लागतात. "पाव नको, आम्ही थांबून बघतो," असे होडीत बसतानाच सांगितले तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात. प्रश्न ५ मधील अंड्यांचा प्रसंग पाव टाकलेल्या खडकावर दिसला नसता.

८. मास्कमध्ये सतत पाणी शिरते आणि काच धुरकट होते. काय करावे?

पाणी शिरण्याचे पहिले कारण केस. कपाळावरची बट किंवा टोपीची कड मास्कच्या रबराखाली अडकली तरी पुरते. दुसरे कारण मिशी. भरघोस मिशी आणि मास्कचे रबर यांचे जमत नाही. मिशी काढण्याची तयारी नसेल तर नाकाखालच्या भागाला व्हॅसलीन लावावे. पट्टा फार आवळल्याने गळती वाढते, कारण रबर दुमडते. मास्क नीट बसतो का हे पाहण्यासाठी तो पट्ट्याविना चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढावा. तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर आहे.

धुरकटपणासाठी काचेच्या आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा विसळावे. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब चालतो. नाकाने श्वास सोडत राहिल्यास मात्र कोणताही उपाय टिकत नाही.

९. मला चष्मा आहे. काही दिसेल का?

चष्मा घालून मास्क बसत नाही, कारण काड्यांच्या फटीतून पाणी शिरते. नंबर कमी असेल तर प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या मोठे दिसण्याच्या गुणामुळे बऱ्यापैकी निभावते. नंबर जास्त असल्यास नंबरच्या काचेचा मास्क घ्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स लावून गेल्यास मास्कमध्ये पाणी शिरताच डोळे मिटून घ्यावेत, आणि शक्यतो एकदाच वापरून टाकायच्या लेन्स असाव्यात.

१०. दमल्यावर क्षणभर खडकावर उभे राहिले तर काय बिघडते?

प्रवाळ हा दगड नसून दगडावर राहणारा प्राणी आहे. हजारो सूक्ष्म पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे एकेक जीव, चुन्याच्या सांगाड्यावर पातळ कातडीसारखे पसरलेले असतात आणि ही कातडी पायाखाली चिरडते. जखमेच्या जागी शेवाळ बसले की ती भरून येत नाही. वर्षाला एक सेंटिमीटर या वेगाशी आपल्या एका पावलाची तुलना केली तर हिशेब उमगतो.

तुमच्याही पायाचा प्रश्न आहेच: अशा खडकावर सी-अर्चिनचे काटे आणि कालवांचे धारदार शिंपले असतात. दमल्यास उताणे होऊन जॅकेटवर तरंगावे. वाळूचा मोकळा तळ असेल तर तेथे उभे राहण्यास हरकत नाही, मात्र पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच सरकते.

११. डसणारे किंवा विषारी जीव असतात का? डसल्यास काय करावे?

असतात, परंतु हात न लावणाऱ्याला त्यांचा त्रास क्वचितच होतो. सी-अर्चिन, पंखांसारखे काटे पसरणारा लायनफिश, दगडासारखा दिसणारा स्टोनफिश, जेलीफिश आणि शंकूच्या आकाराचे जिवंत शंख यांच्यापासून दूर राहावे. समुद्रसाप विषारी असला तरी आपण होऊन अंगावर येत नाही. त्याची वाट अडवू नये. केंडाला फुगवून दाखवण्यासाठी डिवचणे हा क्रूरपणा आहे, आणि त्याच्या अंगातील विषामुळे तो खाण्याजोगाही नाही.

काटा रुतल्यास किंवा काटेरी माशाचा दंश झाल्यास तो भाग सोसवेल इतक्या, साधारण ४०–४५ अंश सेल्सिअस, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवल्याने वेदना कमी होतात. जेलीफिशच्या दंशावर गोडे पाणी ओतू नये; समुद्राच्याच पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने काढावेत आणि जागा चोळू नये. श्वास लागणे, चक्कर येणे किंवा सूज पसरणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

१२. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरावे का?

पाठ आणि पोटऱ्या तासाभरात भाजून निघतात, त्यामुळे संरक्षण हवेच. मात्र काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला अपायकारक ठरत असल्यामुळे पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांच्यावर निर्बंध घातले. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा त्याहून सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

१३. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा किंवा शंख घरी आणला तर चालेल का? आणि अंगठीतले पोवळे येथलेच असते का?

प्रवाळ आणू नये, मेलेलाही नाही. भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. त्याच यादीत समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आल्या. काही शंखांनाही कायद्याचे संरक्षण आहे, आणि कोणत्या ते ओळखणे सामान्य माणसाला अवघड असल्यामुळे तेथल्या तेथे ठेवणे उत्तम. रिकाम्या शंखात बहुधा शंखखेकडा राहायला आलेला असतो, ही वेगळीच गोष्ट.

मंगळासाठी घालतात ते लाल पोवळे मालवणचे नसते. ते भूमध्य समुद्रात खोल, अंधाऱ्या जागी वाढणाऱ्या वेगळ्या जातीचे असते आणि त्याचा सांगाडाच लाल असतो. येथील प्रवाळांचा सांगाडा पांढरा असतो. दिसणारा रंग जिवंत कातडीचा असतो.

१४. मला चांगले पोहता येते. श्वास रोखून खाली बुडी मारली तर?

एकट्याने कधीही मारू नये. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची सवय जीवघेणी आहे: त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ओढ उशिरा लागते आणि प्राणवायू संपून माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारेच यात सापडतात. पाण्यातून आल्यावर काही काळ विमानप्रवास टाळण्याचा नियम मात्र स्कूबासाठी आहे. नुसत्या स्नॉर्कलिंगनंतर त्याच दिवशी विमानाने जाण्यास हरकत नाही.

१५. अँग्रिया बँकवर स्नॉर्कलिंगला नेतात का?

कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. तेथील प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध आहेत, परंतु पठाराचा माथाच पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असल्यामुळे पृष्ठभागावरून पाहण्याजोगी ती जागा नव्हे.

१६. काही प्रवाळ पांढरेशुभ्र दिसले. ते मेलेले होते का?

लगेच तसे म्हणता येत नाही. प्रवाळाच्या कातडीत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात; ती प्रकाशापासून अन्न तयार करून प्रवाळाला देतात आणि त्याचा बराचसा रंगही त्यांच्यामुळेच असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो आणि पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पाणी वेळेत निवले तर शैवाले परततात. न निवल्यास प्रवाळ उपाशी मरतो. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सोसले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभर पसरलेल्या चौथ्या विरंजनाची नोंद जाहीर झाली.

ओळखण्याची खूण अशी: विरंजित परंतु जिवंत प्रवाळ स्वच्छ, चकचकीत पांढरा असतो आणि जवळून पाहिल्यास पॉलिपच्या वाट्या बुळबुळीत दिसतात, मेलेल्या प्रवाळावर थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाची साय धरते. येथे एक अपवादही आहे. पोराइट्सच्या गोटोळीवर नखाएवढे किंवा बोटभर लांबीचे पांढरे ओरखडे असतील आणि बाकीचा रंग शाबूत असेल, तर ते विरंजन नसून पोपट माशाने चावा घेतल्याची खूण असू शकते. असा संशय आल्यास त्या गोटोळीवर दोन-चार मिनिटे थांबून कुरकुर ऐकू येते का ते पाहावे.